एन्व्हायर्नमेंटची जागा संपते तेव्हा

मंडळी, देवगड-रत्नागिरीकडे कुणाचा आंब्याच्या पेट्यांचा नि दलालांकडच्या पट्ट्यांचा जुना हिशेब अजून डॉसवरच्या (विंडोजच्या आधीच्या, कमांड टाइप करून चालणाऱ्या सिस्टिमवरच्या) क्लिपर या डेटाबेसच्या भाषेत लिहिलेल्या प्रोग्रॅममध्ये असेल, तर आजचं बोलणं खास त्यांच्यासाठी.

प्रोग्रॅम सुरू होतो, काही फायली उघडतात आणि ‘ओपन एरर, डॉस एरर ४’ येऊन सगळं अडतं. लोक इंडेक्स (नोंदी पटकन शोधायची यादी) बिघडला असं धरून तो नव्याने करायला बसतात. एरर ४ म्हणजे एका वेळी उघडता येणाऱ्या फायलींची मर्यादा संपली, एवढंच. मशीन पुन्हा सुरू करा आणि ऑटोएक्झेक.बॅट (मशीन सुरू होताना आपोआप चालणारी कमांडची फाइल) चालताना पडद्यावर नजर ठेवा. ‘आउट ऑफ एन्व्हायर्नमेंट स्पेस’ ही ओळ भर्रकन वर जाते; म्हणजे डॉसची सेटिंग ठेवायची जागा, एन्व्हायर्नमेंट, भरली आणि क्लिपरला ५० फायली उघडू देणारं ‘सेट क्लिपर=एफ:५०’ लागलंच नाही. डॉस ६.२२ असेल तर सुरुवातीलाच एफ८ दाबा, एकेक ओळ विचारून चालते.

पाथ (प्रोग्रॅम कुठल्या फोल्डरांत शोधायचे त्याची यादी), प्रॉम्प्ट, टेम्प हे सगळं जिथे राहतं ती एन्व्हायर्नमेंटची जागा डॉस ५ आणि ६ मध्ये मुळात २५६ बाइट, जुन्या ३.३ मध्ये १६० बाइट. ती वाढवायला कॉन्फिग.सिसमध्ये (डॉस सुरू होताना वाचतो त्या सेटिंगच्या फाइलमध्ये) अशी ओळ हवी, त्यात /ई म्हणजे जागेचा आकडा:

शेल=सी:\डॉस\कमांड.कॉम सी:\डॉस\ /ई:१०२४ /पी

/पी विसरू नका, नाहीतर ऑटोएक्झेक.बॅट चालतच नाही. डॉस ३.१ वर /ई चा आकडा १६ बाइटच्या तुकड्यांत मोजतात, कमाल ६२, ३.२ पासून तो बाइटमध्ये. कॉन्फिग.सिसमधला फाइल्स= चा आकडाही ५० पेक्षा कमी नको. या फायलींना हात लावण्याआधी ‘फॉरमॅट ए: /एस’ने बूट फ्लॉपी (मशीन सुरू करता येईल अशी फ्लॉपी) करून घ्या, आणि तिच्यावरून मशीन चालू होतं ना, ते बघा. आपल्या दमट हवेत फ्लॉपीला बुरशी धरते, नि तसली फ्लॉपी घातली की ड्राइव्हचं हेडही जातं.

पाथ लांबला तर मात्र /ई वाढवून उपयोग नाही. कमांडची ओळच १२७ अक्षरांची. तिथे ‘सब्स्ट पी: सी:\हिशेब\आंबा’ करा, म्हणजे त्या फोल्डरला पी: हे ड्राइव्हचं नाव मिळतं, आणि पाथमध्ये नुसतं ‘पी:\’ लिहा. त्यासाठी कॉन्फिग.सिसमध्ये लास्टड्राइव्ह=पी हवं, आणि सब्स्टची ओळ पाथच्या आधी. त्या पी: वर चेकडिस्क (डिस्क तपासायची कमांड) चालवू नका. त्याहून साधं म्हणजे सी:\बॅट या एकाच फोल्डरमध्ये छोट्या बॅच फायली ठेवायच्या आणि प्रत्येकीत प्रोग्रॅमचा पूर्ण पत्ता लिहायचा. मला हेच बरं वाटतं, कारण पाथ कधी वाढतच नाही.

आणखी एक गोष्ट चुकते: ‘सेट टेम्प =सी:\टेम्प’. बरोबरच्या चिन्हाआधी स्पेस पडली की वेगळ्याच नावाचं व्हेरिएबल तयार होतं आणि जागा खात बसतं.

विंडोज ३.१ मधून डॉस उघडल्यावर वाढवलेली मोकळी जागा तिथे मिळाली नाही, तर विंडोजच्या सेटिंगच्या सिस्टिम.आयएनआय फाइलमध्ये ‘नॉनविंडोजअ‍ॅप’ विभागात ‘कमांडएन्व्हसाइझ=१०२४’ घाला आणि विंडोज बंद करून पुन्हा चालू करा.