सरासरी कुठे फसवते : एथनिक रेस्टॉरंटमधील ग्राहकमत आणि मेन्यूचा अभ्यास

नमस्कार. प्रकल्पाचे दिवस आले की हॉटेल मॅनेजमेंटचे विद्यार्थी मला हमखास एक प्रश्न विचारतात : एखाद्या विशिष्ट प्रदेशाचे किंवा समाजाचे जेवण देणाऱ्या रेस्टॉरंटचा अभ्यास करताना ग्राहकांचे मत आणि मेन्यूची कामगिरी यांचा मेळ कसा घालायचा?

मेन्यूचे गणित सोपे आहे, म्हणून ते आधी उरकतो. मायकेल कसवाना आणि डोनाल्ड स्मिथ यांनी १९८२ मध्ये मांडलेल्या मेन्यू इंजिनिअरिंगमध्ये दोनच गोष्टी पाहतात : पदार्थ किती खपतो आणि कच्च्या मालाचा खर्च वजा जाता एका प्लेटमागे किती उरते. एका विभागात २० पदार्थ असतील, तर एकूण खपात प्रत्येकाचा समान वाटा ५ टक्के. त्याचे ७० टक्के म्हणजे ३.५ टक्के, आणि तेवढा खप ज्याचा आहे तो लोकप्रिय. यातून चार गट पडतात : स्टार (खप आणि उरणारी रक्कम दोन्ही जास्त), प्लाउहॉर्स (खप जास्त, रक्कम कमी), पझल (खप कमी, रक्कम जास्त) आणि डॉग (दोन्ही कमी).

खरी गोम ग्राहकमताच्या बाजूला आहे. ‘येथील चव अस्सल आहे’ या विधानाला १ ते ५ गुण द्या, असे सांगून विद्यार्थी सगळ्या उत्तरांची सरासरी काढतात आणि तिथेच अभ्यास फसतो. समजा, ही खाद्यसंस्कृती घरात अनुभवलेल्या ३० जणांनी २ गुण दिले आणि ती प्रथमच चाखणाऱ्या ३० जणांनी ४ दिले. सरासरी ३ येते आणि अहवालात ‘ग्राहकांचे मत मध्यम आहे’ असे छापले जाते. त्या ६० जणांपैकी एकाचेही मत मध्यम नव्हते! असे अहवाल वाचताना मला मनापासून वाईट वाटते, कारण फॉर्म भरून घेण्यासाठी मुलांनी आठवडेच्या आठवडे टेबलांपाशी उभे राहून घालवलेले असतात.

हीच अडचण प्रश्नाच्या शब्दांतही दडलेली असते. मी स्वतः एकदा ‘चव घरच्यासारखी आहे का?’ असा प्रश्न घेऊन फिरत होतो. एका आजींनी पेन खाली ठेवले, चष्मा कपाळावर सरकवला आणि शांतपणे विचारले, “आईच्या हातची की सासूबाईंच्या हातची?” तो प्रश्न मी त्याच दिवशी काढून टाकला. एकाच खाद्यसंस्कृतीत वाढलेल्या माणसांतही अस्सलपणाचा मापदंड एक नसतो. म्हणून आधी ‘हे पदार्थ तुम्ही कुठे आणि किती वेळा खाल्ले आहेत?’ असे विचारावे आणि मगच चव, तिखटपणा, मांडणी, वातावरण यांविषयी वेगवेगळी विधाने द्यावीत. प्रश्नावली दोन भाषांत असेल, तर भाषांतर दुसऱ्या व्यक्तीकडून मूळ भाषेत परत करून घ्यावे आणि दोन्ही मसुदे शेजारी ठेवून तपासावेत.

एका प्रेक्षकांनी विचारले आहे की १०० फॉर्म पुरेसे होतील का. त्या १०० जणांमध्ये जाणकार, म्हणजे ही खाद्यसंस्कृती घरात अनुभवलेले, केवळ ८ असतील, तर त्या गटाविषयी ठामपणे काहीच म्हणता येणार नाही. त्यामुळे एकूण संख्येआधी प्रत्येक गटात किती माणसे आली, हे मोजावे.

आता हीच गोष्ट मेन्यूच्या बाजूने पाहू. एखादा पदार्थ कमी खपतो आणि त्यातून रक्कमही कमी उरते, म्हणजे तो डॉग ठरतो आणि यादीतून काढण्याची शिफारस होते. परंतु तो मागवणारे जवळजवळ सगळे जाणकार असतील आणि तेच आपल्यासोबत नवी माणसे आणत असतील, तर त्या पदार्थामुळे होणारी बाकीची विक्री या तक्त्यात दिसत नाही. उलट, नवख्यांमध्ये जोरात खपणारा पदार्थ जाणकारांना परका वाटत असेल, तर तेही खपाच्या आकड्यावरून उमगत नाही. म्हणून चार गटांचा तक्ता एकदा सर्वांसाठी आणि मग दोन्ही प्रकारच्या ग्राहकांसाठी स्वतंत्र तयार करावा.

हे शक्य होण्यासाठी फॉर्मवर बिल क्रमांकाची एक चौकट ठेवा, म्हणजे कोणी काय मागवले आणि त्याला ते कसे वाटले, हे एकाच ओळीत येते. मालकांची परवानगी आधी घ्या, ग्राहकाचे नाव लिहून घेऊ नका, आणि विक्रीच्या नोंदी फॉर्म भरून घेतले त्याच आठवड्यांच्या मागा.