एका वेळी एकानेच बोलायचं

नमस्कार श्रोतेहो. ओझरच्या बाजूने सुखोई उठलं की आपल्या नाशिककरांचं बोलणं अर्ध्यावर थांबतं. आत बसलेल्या वैमानिकाच्या कानात मात्र कुणीतरी बोलतच असतं. आज त्या बोलण्याविषयी.

पहिल्या महायुद्धात लढाऊ वैमानिकांना हे सुख जवळपास नव्हतंच. म्होरक्या पंख हलवायचा, हाताने खुणा करायचा. बाकीच्यांनी बघितलं तर बघितलं. 1940 साली ब्रिटनच्या आकाशात चित्र पालटलं. किनाऱ्यावरच्या रडारला शत्रू दिसे आणि जमिनीवरचा कंट्रोलर सांगे, इकडे वळा, एवढी उंची गाठा. उगाच पेट्रोल जाळत गस्त घालायला नको. पण गंमत बघा, आपली विमानं नेमकी कुठे आहेत हे तळाला कळावं म्हणून काही विमानांचा रेडिओ दर मिनिटाला 14 सेकंद आपोआप खूण पाठवायचा. तेवढा वेळ वैमानिकाला बोलता येत नसे. शेपटीला शत्रू लागलाय आणि तोंड बंद!

जपानी झीरो विमानांचा रेडिओ तर इतका खरखरायचा, की काही वैमानिकांनी तो काढूनच टाकला. वजन वाचलं खरं, पण मागून येणाऱ्याची खबर सोबत्याने द्यायची कशी? मला तरी हा सौदा आतबट्ट्याचा वाटतो.

रेडिओ चांगला असला तरी अडचण संपत नाही. सगळे एकाच फ्रिक्वेन्सीवर असतात. दोघांनी एकदम बटण दाबलं की कानात नुसती शिट्टी. आणि नाव न घेता कुणी ‘डावीकडे तोड!’ असं ओरडला, तर ज्याच्यामागे कुणीच नाही तोही गर्रकन वळतो. म्हणून आधी कॉल साइन, म्हणजे वैमानिकाचं रेडिओवरचं नाव, मग हुकूम, तोही दोन-तीन शब्दांत. 22 नोव्हेंबर 1971 ला पूर्व पाकिस्तानच्या सीमेजवळच्या बोयराच्या आकाशात आपली चार नॅट विमानं पाकिस्तानी सेबर विमानांवर तुटून पडली, तेव्हा त्यांना तिथवर आणणारा आवाज जमिनीवरच्या फ्लाइंग ऑफिसर बागची यांचा होता.

हाच आवाज शत्रूने दाबला तर? फेब्रुवारी 2019 मध्ये अभिनंदन वर्धमान यांना मागे फिरण्याचा हुकूम जॅमिंगमुळे ऐकूच गेला नाही, असं तेव्हा बातम्यांत आलं होतं. त्यांचं विमान मिग-21 बायसन, म्हणजे आपल्या ओझरच्या कारखान्याशी नातं असलेलं. जॅमिंगवर उतारा म्हणून असे रेडिओ आहेत, जे क्षणाक्षणाला फ्रिक्वेन्सी बदलतात. शत्रू एक दाबेपर्यंत बोलणं दुसरीवर गेलेलं असतं. बटण मात्र तिथेही एका वेळी एकानेच दाबायचं.