कडक डोहाळे आणि बाळाची साखर

नमस्कार श्रोतेहो.

दिवस गेले की मळमळ आलीच. चहाचा वास नकोसा होतो, फोडणी दिली की ओकारी येते, आणि चौथा-पाचवा महिना लागला की बहुतेकींचं निवळतं. आज मी बोलणार आहे ते त्या बाईबद्दल, जिच्या पोटात घोटभर पाणीही ठरत नाही. लघवी गडद आणि जेमतेम होते. वजन वाढायचं सोडून उतरत जातं. गरोदरपणाआधीच्या वजनात 5 टक्क्यांहून अधिक घट, म्हणजे 50 किलोच्या बाईचं अडीच किलो वजन गेलं, की डॉक्टर या आजाराला ‘हायपरएमेसिस’ म्हणतात. आपण म्हणतो, ‘डोहाळे कडक लागलेत!’ आणि वर, बाळाला जावळ दाट येणार, असं भाकीत.

ही नाटकं नव्हेत. 2023 साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसलं, की बाळाच्या बाजूने, वारेतून, जीडीएफ-15 नावाचं संप्रेरक आईच्या रक्तात उतरतं. जिच्या अंगात ते आधीपासून कमी असतं, तिला ते फार बाधतं.

आता बाळाकडे वळू. आईला अन्न मिळेना, की तिचं शरीर चरबी जाळू लागतं आणि बाळाला साखरेचा तुटवडा पडू शकतो. तुटवड्यात वाढलेलं शरीर काटकसरीची सवय लावून घेतं, असं मानलं जातं. न्यूझीलंडमधल्या ऑकलंडच्या संशोधकांनी 2013 साली अशा आयांची, वयात न आलेली मुलं तपासली. इतर मुलांच्या तुलनेत त्यांचं शरीर इन्सुलिनला, म्हणजे रक्तातली साखर आटोक्यात ठेवणाऱ्या संप्रेरकाला, सुमारे 20 टक्के कमी दाद देत होतं. तपासलेली मुलं शंभरही नव्हती, त्यामुळे ही मुलं मधुमेही होणारच असं कुणी म्हणू नये. पण हे कानाआड करण्यासारखंही नाही.

आपल्याला तर नाहीच. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 1993 पासून पुण्याजवळच्या 6 गावांतल्या मातांचा अभ्यास केला. तो उलट्यांवरचा नव्हता, आईच्या पोषणावरचा होता. तिथली बाळं जेमतेम पावणेतीन किलोची, हातपाय काडीसारखे. पण कातडीखालची चरबी मात्र त्या मानाने टिकून. पुण्यातल्या आणि लंडनमधल्या बाळांच्या नाळेतलं रक्त ताडून पाहिलं, तेव्हा आपल्या बाळांत इन्सुलिन जास्त निघालं. शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नसलं, की ते असं जास्त लागतं. मधुमेहाची वाट जन्माआधीच आखली जाऊ शकते, ती अशी. त्यात कडक उलट्यांची भर पडू देऊ नये, असं मला मनापासून वाटतं.

आणि ती टाळता येते. गरोदरपणात चालणारी उलटीची औषधं आहेत, ती डॉक्टरांना विचारून वेळेवर घ्यावीत. बरेच दिवस उलट्या होत असतील, तर साखरेचं सलाईन लावण्याआधी बी-1 जीवनसत्त्व द्यावं लागतं. ते राहिलं तर आईच्या मेंदूला इजा होऊ शकते. बाळ कमी वजनाचं जन्मलं, तर पहिल्या काही तासांत त्याची साखर उतरू शकते. म्हणून त्याला आईच्या उराशी उबेत ठेवा, तासाभरात अंगावर पाजा आणि डॉक्टर सांगतील तशी टाचेतून साखर तपासून घ्या. पुढे बाळसं धरावं म्हणून गोडधोड कोंबू नका.

आईला मात्र बोल लावू नका. तिने उपास केलेला नाही, तिला खाता आलेलं नाही.

तुमच्या घरात आत्ता कुणी भिंतीकडे तोंड करून पडली असेल, तर रेडिओ बंद केल्यावर तिला एवढंच विचारा: शेवटची लघवी कधी झाली? आठ तास उलटले असतील, तर तिला आजच दवाखान्यात न्या.