लाखेच्या तबकडीतून बीट

(दृश्य: दांडिया बाजारातला जुना वाडा. पोटमाळ्यावरची ट्रंक उघडते.)

बडोद्यात हिप-हॉपचं छोटं लेबल, म्हणजे गाणी काढणारी कंपनी, चालवायचं, तर महागड्या मायक्रोफोनच्या आधी पोटमाळे शोधावेत. जुन्या मराठी घरात ७८ च्या (मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या) तबकड्यांचा गठ्ठा मिळाला आणि त्यात उस्ताद फैयाज खाँ निघाले, तर याहून अस्सल बडोद्याचं सॅम्पल (नव्या गाण्यात वापरायचा जुन्या मुद्रणाचा तुकडा) दुसरं नाही. आग्रा घराण्याचा हा थोर गवई इथला दरबारगायक होता.

तबकडी लाखेची असते. स्पिरिटनं पुसली की लाख विरघळते आणि गाणं कायमचं जातं. डिस्टिल्ड पाण्यात सौम्य साबणाचे दोन थेंब टाकावेत, मऊ कापड खाचांच्या दिशेनं फिरवावं, मधलं कागदी लेबल कोरडं ठेवावं. लाँग-प्लेची, म्हणजे ३३ च्या रेकॉर्डची, सुई इथे चालत नाही. साधारण १८ मायक्रॉनची ती सुई या रुंद खाचेत तळाच्या कचऱ्यावर घासत जाते. सुमारे ७५ मायक्रॉनची वेगळी सुई लागते. टर्नटेबलला ७८ चा वेग नसेल तर ४५ वर ध्वनिमुद्रण करून संगणकात वेग १.७४ पट करावा. कार्ट्रिज (सुई बसवलेला भाग) स्टिरिओ असेल तर डावा-उजवा चॅनल एकत्र करावा, बरीच खरखर तिथेच कटते. उरलेली राहू द्यावी. ती सॉफ्टवेअरनं हट्टानं काढली की तानेची धारही जाते.

(दृश्य: पडद्यावर ध्वनीची लहर, पॅडवर बोटं.)

खरी कसोटी तालाची. ९० बीपीएमला (मिनिटाला ९० ठोके) एक मात्रा ०.६७ सेकंदाची, पण गवई मेट्रोनोमवर गात नाही. अख्खी ओळ बीटवर ठेवली तर चार-पाच मात्रांत ती घसरते. म्हणून सम पकडायची, मुखड्याचे चार-सहा तुकडे करायचे आणि पॅडवर हातानं वाजवायचे. १९८७ च्या एसपी-१२०० सॅम्पलरमध्ये जेमतेम १० सेकंदांचा आवाज मावे. म्हणून हिप-हॉपचे निर्माते ३३ ची रेकॉर्ड ४५ वर वाजवून भरत आणि आत वेग उतरवत. त्यातून आलेला खरबरीतपणा हीच पुढे त्या संगीताची ओळख झाली. आपलं १६ मात्रांचं एक आवर्तन ९० च्या लयीत १०.६७ सेकंदांचं. त्या यंत्रात तेही बसलं नसतं!

बास मात्र षड्जाला लावायचा. जुनी मुद्रणं नेमक्या ७८ च्या वेगानं झालेली नसत, त्यामुळे गायकाचा सा दोन पट्ट्यांच्या मध्येच कुठेतरी पडतो. ८०८ (रोलँडचं ड्रम मशीन) चा बास काही सेंट (अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) सरकवून त्या सा वर आणावा. उलट केलं, गवयाला ओढून बासाशी जुळवलं, तर आवाज चेपतो.

मिक्समध्ये या तबकड्या एक सोय करून देतात. खोल बास आणि वरची चमक त्यांच्यात जवळजवळ नसतेच, म्हणून किक (ड्रमचा खोल ठोका) आणि हाय-हॅटला (झांजेचा तीक्ष्ण आवाज) जागा आयती मिळते. भांडण होतं ते १ ते ३ किलोहर्ट्झमध्ये: गवई आणि रॅपर दोघांचे शब्द तिथेच असतात. सॅम्पल ३-४ डेसिबलनं खाली घेऊन भागतं कधी कधी. पण गवयाला ओळीच्या शेवटी, रॅपरच्या श्वासात बोलू देणं केव्हाही चांगलं. मराठीतली जोडाक्षरं तिथेच स्वच्छ ऐकू येतात.

(दृश्य: तबकडीच्या मधल्या भागावर कोरलेला क्रमांक.)

आता हक्क. भारतात ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षं टिकतो, रचनेचा रचनाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. खाँसाहेब १९५० साली गेले; ‘प्रेमपिया’ नावानं त्यांनी बांधलेल्या बंदिशी २०१० अखेर मोकळ्या झाल्या. अमेरिकेचा हिशेब वेगळा आहे. १९२३ ते १९४६ मध्ये प्रकाशित मुद्रणांना तिथे १०० वर्षांचं संरक्षण आहे. म्हणून वितरकाच्या फॉर्मवर प्रदेश निवडताना अमेरिका वगळावी. यूट्यूबवर तरीही कुणाच्या सीडी-पुनर्मुद्रणाचा दावा येऊ शकतो. तेव्हा उपयोगी पडतो तो तबकडीवर कोरलेल्या मॅट्रिक्स क्रमांकाचा, म्हणजे मूळ मुद्रणाची ओळख सांगणाऱ्या क्रमांकाचा, फोटो. तो पहिल्याच दिवशी, तबकडी धुण्याआधी काढून ठेवावा.