मुंबईच्या मोठ्या हॉटेलात जेवायला जाताना

नमस्कार मंडळी.

कापूस घरात आला, तूर सोंगून झाली की आपल्याकडची बरीच म्हातारी माणसं मुंबई-पुण्याची वाट धरतात. लेक तिकडे नोकरीला, सून तिकडची, नातवाचं तोंड पाहायचं असतं. तिथं गेल्यावर एक दिवस पोरगं म्हणतंच, "बाबा, तुमच्या लग्नाला यंदा चाळीस वर्षं झाली, एखाद्या मोठ्या हॉटेलात जेवू." मग घोळ सुरू होतो. पोरगं मोबाइलवर फोटो दाखवतं, माय म्हणते, "टाकतो ना मी भाकरी घरीच," अन् बाबा दर पाहून गप्प बसतात.

मी वऱ्हाडातल्या दिग्रसकडचा. मुंबईत हॉटेलात वाढपी म्हणून लागलो, पुढे कॅप्टन झालो. कॅप्टन म्हणजे ऑर्डर घेणारा अन् टेबलं सांभाळणारा. आता गावी वावर पाहतो. गावातून कोणी मुंबईला निघालं की मला विचारतं, भाऊ, कोणत्या हॉटेलात जावं? आज त्यावरच बोलतो.

आधी पैशांचं. अशा ठिकाणी माणशी तीन-चार हजार सहज लागतात, काही ठिकाणी त्याच्या दुप्पट. आपल्याकडचा माणूस ताटलीकडे पाहून म्हणतो, "बाप्पा, येवढूसाक भात अन् येवढे पैसे!" त्याचं चुकत नाही. भाताचे पैसे थोडेच असतात. जागेचं भाडं असतं, आणि त्या ताटलीवरून चार-पाच जणांचे हात फिरलेले असतात. एकानं दुपारपासून रस्सा आटवलेला, दुसऱ्यानं मासोळी भाजलेली, तिसरा चिमट्यानं वर कोवळी पानं ठेवतो. ढाब्यावर एका खाटेवर रात्रीतून कितीतरी पंगती उठतात. इथं एक टेबल रात्रीतून एकदा, फार तर दोनदा भरतं. पोट भरायचं असेल तर मुंबईत चांगल्या खानावळी भरपूर आहेत, त्यासाठी इथं जाऊच नये. इथं आपण कोणाच्या तरी हाताची कारागिरी चाखायला जातो. म्हणून निवडायचा तो स्वयंपाकी.

लग्नाचा आचारी आपण कसा ठरवतो? त्याच्या भट्टीचे फोटो पाहून नाही ठरवत. कोणाच्या घरचं कार्य केलं होतं, वडा-भात कसा उतरला होता, वऱ्हाडी वाढले तेव्हा वरणात पाणी तर नाही ओतलं, हे चार घरी विचारतो. हॉटेलासाठीही तेच विचारायचं. भटारखाना कोण चालवतो, त्याच्या हातचं नावाजलेलं काय, आणि तो माणूस अजून तिथंच आहे का? शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. शेफ दुसरीकडे जातो, पाटी तीच राहते, आणि लोक वर्षभर जुन्या नावावर जेवत राहतात.

ताऱ्यांच्या नादी लागून निवड करू नका. पंचतारांकित हॉटेलाचे पाच तारे खोल्या, लिफ्ट, सोयी-सुविधा अशा सगळ्या व्यवस्थेचे असतात, भाजीच्या चवीचे नसतात. जेवणाचा तारा वेगळा. तो देते फ्रान्सची मिशेलिन, टायर बनवणारी कंपनी. १९०० साली तिनं मोटारवाल्यांना फुकट वाटायला एक पुस्तिका काढली. टायर कसं बदलावं, मुक्काम कुठे करावा, जेवण कुठे मिळेल, असं सगळं त्यात होतं. १९२६ पासून त्यात चांगल्या जेवणाला तारे मिळू लागले. पण आजवर भारतातल्या कुठल्याही हॉटेलाला मिशेलिननं तारा दिलेला नाही. विनीत भाटिया आणि अतुल कोचर या भारतीय शेफांना २००१ साली मिळाला तो लंडनमधल्या कामासाठी. मुंबईत कुठे मिशेलिनचं नाव दिसलं, तर तो तारा कुठल्या गावच्या चुलीचा, हे विचारून घ्या.

दुसरी एक यादी असते, आशियातल्या ५० उत्तम रेस्टॉरंटांची. मुंबईच्या महालक्ष्मी भागातलं मास्क हे रेस्टॉरंट २०२३ साली त्या यादीत सोळावं आलं, भारतातल्यांत सगळ्यात वर. तिथं मेनूकार्ड वाचून मागवायचं नसतं. दहा लहान लहान पदार्थ एकामागून एक येतात, त्याला टेस्टिंग मेनू म्हणतात. जेवण अडीच-तीन तास चालतं. खाण्याचा शौक असलेल्या जोडप्यानं एकदा हे जरूर करावं. पण साडेसातला जेवून नऊला अंग टाकणाऱ्या आबाजींना तिथं नेऊ नका. पाचव्या ताटलीला त्यांचा डोळा लागेल.

हे मास्क आहे लक्ष्मी मिलच्या आवारात. लोअर परळचं बॉम्बे कँटीन हे दुसरं रेस्टॉरंट कमला मिलमध्ये. मला या जागा पाहून नेहमी आपला कापूस आठवायचा. वऱ्हाडातल्या गाठी रेल्वेनं मुंबईच्या गिरण्यांत जायच्या, आणि आता तिथं पोरं कापडी रुमाल मांडीवर घेऊन जेवतात. अजून एक गंमत ऐका. जमशेटजी टाटांनी १८७७ साली नागपुरात एम्प्रेस मिल सुरू केली, आणि त्यांनीच पुढे १९०३ साली मुंबईत ताजमहाल हॉटेल उघडलं. म्हणजे ताजच्या दारात उभं राहून बुजायचं आपल्याला काही कारण नाही, तिथं आपल्या कापसाचाही पैसा असेल.

बॉम्बे कँटीन मला आपल्या लोकांसाठी बरं वाटतं. २०१५ साली ते सुरू झालं. न्यूयॉर्कमध्ये नाव कमावलेले शेफ फ्लॉइड कार्डोझ त्यामागे होते, २०२० मध्ये करोनानं गेले. हंगामातली देशी भाजी, इथलं धान्य घेऊन काहीतरी नवीन करायचं, ही तिथली रीत. ज्वारी-बाजरीला २०२३ च्या भरडधान्य वर्षानंतर तर मोठ्या हॉटेलांत फारच भाव आला. पण एक सांगतो. तुम्ही रोज खाता ते तिथं मागवू नका. भरीत, झुणका, ठेचा मातीच्या बोळक्यात घालून कोणी समोर ठेवला, तर माय पहिल्या घासाला नाक मुरडणार, अन् तिचं खरं असणार. समुद्राची मासोळी मागवा. आपल्याकडे तळ्यातली मरळ मिळते, झिंगे मिळतात, पण ताजा पापलेट किंवा खेकडा कुठून आणणार? फोर्टातल्या तृष्णा हॉटेलाचा लोणी, मिरी अन् लसणातला खेकडा प्रसिद्ध आहे. जागा फार झकपक नाही, पण मी पाहुण्याला झुंबराखाली बसवण्यापेक्षा तिथं नेईन.

मेनूकार्डाची जाडी बघा. एकाच कार्डावर चिनी, मोगलाई, इटालियन अन् साऊथ इंडियन असेल, तर समजा फ्रीजरवर काम चाललंय. दोन पानांचं कार्ड, त्यातही चार पदार्थ दर महिन्याला बदलणारे, हे चांगलं लक्षण. आणि वाढप्याला "आज काय चांगलं आहे" असं विचारू नका. संध्याकाळी दार उघडण्याआधी आमची पाच-दहा मिनिटांची सभा व्हायची. काय संपलं, कशाची माहिती द्यायची, आणि कोणता माल उरलाय तो खपवायचा, हे त्यात सांगायचे. "काय चांगलं" विचारलं की त्या मालाचं नाव येतं. त्यापेक्षा विचारा, तुमच्याकडे येणारे लोक पुन्हा पुन्हा काय मागवतात?

मोबाइलवरची लोकांची मतं वाचताना एक खूण लक्षात ठेवा. वाढप्याचं नाव घेऊन पाच तारे दिलेले असतील, तर बहुतेक वेळा त्या पोरानंच टेबलाशी उभं राहून लिहून घेतलेलं असतं. पोटासाठी करतो, त्याच्यावर राग नको. पण तुम्ही तीन तारेवाल्यांचं वाचा. त्यांना काही आवडलेलं असतं, काही नसतं, आणि ते कारण सांगतात.

आता फोन. टेबल ॲपवरून राखता येतं, तरी पोराला फोनच करायला लावा. घरात कोणी माळकरी असेल, महानुभावी असेल, तर स्पष्ट सांगा: मांस-मासोळी नाही, अंडं नाही, कांदा-लसूण नाही. नुसतं "व्हेज" म्हणून भागत नाही. काही गोड पदार्थांत जिलेटिन असतं, ते जनावराच्या हाडा-कातड्यापासून करतात. अस्सल पार्मेझान नावाचं चीज वासराच्या पोटातल्या पदार्थानं विरजतात. दोन दिवस आधी कळवलं तर चांगला भटारखाना वेगळं करून देतो. ऐन वेळी सांगितलं, तर उकडलेली भाजी येते अन् बिल तेवढंच लागतं.

बाबांना साखरेचा आजार असेल तर पहिली ताटली किती वाजता येईल ते विचारा, सुई-गोळीची वेळ त्यावर ठरेल. गुडघे दुखत असतील तर जिने किती, लिफ्ट आहे का. मुंबईची गर्दी नऊनंतर होते, म्हणून साडेसातचं टेबल मागा. शांत असतं, वाढपी ताजे असतात, अन् आपली जेवायची वेळही तीच. बऱ्याच ठिकाणी दुपारी ठरावीक पदार्थांचं जेवण रात्रीपेक्षा स्वस्तात मिळतं, तेही विचारा. आणि हेही विचारा, आमचे वडील धोतर-टोपीत येतील, पायात चप्पल असेल, चालेल ना? विचारण्यात कमीपणा नाही. पलीकडचा माणूस चाचरला, तर तिथं जायचं नाही. हॉटेल कसं आहे ते मला या एका प्रश्नावरून जेवढं कळतं, तेवढं फोटोवरून कळत नाही.

गच्चीवरचं हॉटेल असेल तर बसण्याआधी बाहेर पडायची दुसरी वाट पाहून ठेवा. २०१७ च्या डिसेंबरात कमला मिलच्या आवारात गच्चीवरच्या पबांना आग लागली, १४ माणसं गेली.

बिलाचं थोडक्यात. साध्या रेस्टॉरंटात जीएसटी ५ टक्के. ज्या हॉटेलात खोलीचं दिवसाचं भाडं ७५०० रुपयांच्या वर जातं, तिथल्या रेस्टॉरंटात साधारणपणे १८ टक्के. म्हणजे तीन हजारांच्या जेवणावर एका ठिकाणी दीडशे रुपये, दुसऱ्या ठिकाणी ५४०. सेवा शुल्क म्हणजे सर्व्हिस चार्ज ही वेगळी गोष्ट. ते आपोआप बिलात लावायचं नाही, असं ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं २०२२ च्या जुलैत सांगितलं, आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं ते उचलून धरलं. लावलेलं दिसलं तर काढायला सांगा. ऐकलं नाही तर १९१५ या नंबरावर ग्राहक हेल्पलाइन आहे. बसल्या बसल्या वाढपी विचारतो, "साधं पाणी की बाटलीचं?" साधं म्हणा. बाटलीवर छापील किमतीपेक्षा जास्त घ्यायला हॉटेलांना सर्वोच्च न्यायालयानं २०१७ मध्ये मोकळीक दिलेली आहे. वाढप्याला खुशीनं काही द्यायचं असेल तर त्याच्या हातात रोख द्या, बिलाच्या पाकिटात ठेवलं तर ते कुणाकुणात वाटलं जातं.

आणि मुंबईत उतरल्या त्याच रात्रीचं टेबल घेऊ नका. रात्रभर गाडीत हालून आलेल्या माणसाला खेकडा गोड लागत नाही. एक दिवस मध्ये जाऊ द्या. टेबल साधारण पंधरा-वीस मिनिटं धरून ठेवतात, मग दुसऱ्याला देतात, म्हणून ट्रॅफिकमध्ये अडकलात तर वाटेतूनच फोन करा. काही ठिकाणी राखायला आगाऊ पैसे भरावे लागतात. ते कधीपर्यंत परत मिळतात, हे भरायच्या आधीच विचारून ठेवा.

नमस्कार.