पाण्याला तुमच्याकडे काय म्हणतात?

श्रोतेहो, नमस्कार.

बालवर्गाच्या दारात एक आई उभी आहे. कडेवर साडेतीन वर्षांचा मुलगा, हातात कागदपत्रांची जाड पिशवी. परक्या देशात येऊन तिला जेमतेम दोन महिने झालेत. आपली भाषा तिला येत नाही, तिची आपल्याला येत नाही. आपण हसून "या, या" म्हणतो आणि लगेच तिच्यापुढे फॉर्म सरकवतो.

तो फॉर्म जरा वेळ बाजूला ठेवावा, हे सांगायला मी आज आले आहे. फॉर्म भरायलाच हवा, पण पहिल्या दिवशी सगळा नको. कुठून आलात, का आलात, मुलाचे वडील कुठे असतात, हे प्रश्न त्या बाईला आजवर प्रत्येक खिडकीपाशी विचारले गेलेत. घरदार सोडून पळून यावं लागलेल्या माणसाला ते पुन्हा ऐकले की धडकी भरते. पहिल्या दिवशी मला खरं तर चारच गोष्टी कळायला हव्यात: मुलाला न्यायला कोण येणार, त्याला कशाचा त्रास होतो, औषध चालू आहे का आणि झोपताना त्याला काय लागतं.

आणि नाव. या मुलाच्या नावात मधेच एक आवाज होता, घशाच्या तळातून येणारा. मला तो जमेना. वर्गात लाडाचं सोपं नाव ठेवायची सूचनाही कुणीतरी केली. मी आईलाच पुन्हा म्हणायला लावलं. तिने म्हटलं, मी म्हटलं, तिने मान हलवली. असं तीनदा झालं. चौथ्यांदा ती काही बोलली नाही, पण इतका वेळ स्वतःच्या बुटांकडे बघणाऱ्या त्या मुलाने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मग तिच्या आवाजातलं ते नाव मी फोनवर रेकॉर्ड करून घेतलं आणि आमच्या मदतनीस ताईंनाही ऐकवलं. हजेरीच्या वेळी आपलं नाव रोज मोडकं ऐकावं लागणं लहान मुलालाही लागतं.

नाव जमलं म्हणून मी खूश होते. तिसऱ्या दिवशी तो कोपऱ्यात उभा दिसला, पँट ओली, पायाखाली ओघळ. रडत नव्हता, नुसता उभा होता. तेव्हा मला आठवलं, थोड्याच वेळापूर्वी तो दोनदा माझ्याजवळ येऊन एकच शब्द बोलला होता. मी दोन्ही वेळा त्याच्या डोक्यावरून हात फिरवून "हो, बाळा" म्हटलं होतं. त्याने मागितलं होतं आणि मला ऐकू आलं नव्हतं. ते मला आजही विसरता येत नाही.

त्या संध्याकाळी मी आईला थांबवून घेतलं. पेल्याकडे बोट दाखवून खुणेनेच विचारलं, पाण्याला तुमच्याकडे काय म्हणतात? मग शू, दुखतंय, झोप, आई. हे पाच शब्द मी आपल्या लिपीत एका कार्डावर लिहिले आणि कार्ड कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं. तेव्हापासून परभाषेतलं मूल आलं की पहिल्या तासात हेच कार्ड तयार होतं. आणि मी आईच्या समोर बसून अडखळत ते शब्द म्हणते. आपल्यापेक्षा बाईंना शिकायची जास्त गरज आहे हे दिसलं, की तिचे आखडलेले खांदे जरा सैल होतात.

आता एका चुकीच्या सल्ल्याबद्दल. कळवळ्यानेच दिला जातो तो, मीही पूर्वी दिलाय: "घरी आता इथलीच भाषा बोला, म्हणजे लवकर शिकेल." श्रोतेहो, हे कृपा करून कुणाला सांगू नका. बाळ जन्मल्यापासून आईचा आवाज ओळखतं, 1980 सालच्या एका प्रयोगात हे दिसलं होतं. त्या आवाजात त्याचं सांत्वन असतं, गोष्टी असतात, रागावणंही असतं. जी भाषा आईला धड येत नाही तीच तिने बोलावी म्हटलं, तर घरातलं बोलणंच आटतं. दोन भाषा कानावर पडल्याने वाचेचा दोष येत नाही. त्याचे शब्द मोजायचेच असतील तर दोन्ही भाषांतले मिळून मोजा. एका पारड्यात कमी आणि दुसऱ्यात जास्त असतील, तर तेवढ्यावरून ते मूल मागे पडलंय असं होत नाही.

1989 साली संयुक्त राष्ट्रांनी मंजूर केलेल्या बालहक्कांच्या करारातलं 29वं कलम शिक्षणाबद्दल आहे. मुलाच्या मनात आईवडिलांविषयी, स्वतःच्या भाषेविषयी, आपण राहतो त्या देशाविषयी आणि जिथून आलो त्या देशाविषयी आदर वाढावा, असं ते म्हणतं. दोन्ही देश, एकाच वाक्यात. संयुक्त राष्ट्रांच्याच अंदाजानुसार 2024 मध्ये जगात 30 कोटी 40 लाख माणसं जन्मदेशाबाहेर राहत होती. त्यांची मुलं कुठल्या ना कुठल्या वर्गाच्या दारात उभी राहणारच.

वर्गात आल्यावर असं मूल पुष्कळदा गप्प होतं. काही आठवडे, कधी कधी काही महिनेही. त्याला मौनाचा काळ म्हणतात. या काळात "बोल ना, बोल बघू" असा धोशा लावू नये. त्याचे डोळे बघा. हात धुवायला चला म्हटल्यावर दुसऱ्यांकडे न बघता ते उठलं, तर ते शिकतंय. बालगीतात त्याचे ओठ आवाज न करता हलतायत, तर ते फार शिकतंय. मात्र घरी, स्वतःच्या भाषेतही ते बोलत नसेल, तर कानांची तपासणी करून घ्या, तिथे वाट बघत बसू नका. आणि पुढे ते खेळात फडाफडा बोलू लागलं, तरी भाषा आली असं समजू नका. बोलचाल वर्षा-दोन वर्षांत जमते, अभ्यासाची भाषा पक्की व्हायला पाच ते सात वर्षं लागू शकतात.

वर्गातली बाकीची मुलं विचारतातच, "बाई, याला बोलता येत नाही?" त्यांना सरळ सांगावं, त्याला बोलता येतं, आपल्याला अजून ऐकता येत नाही. चार वर्षांच्या मुलांना हे लगेच पटतं. मोठ्यांना जरा वेळ लागतो.

आणखी एक, दुभाष्याबद्दल. मोठी बहीण आठ-नऊ वर्षांची असते, तिला नवी भाषा येऊ लागलेली असते आणि आपण तिलाच मधे उभी करतो. निरोपापुरतं ठीक आहे. पण भावाचं आजारपण, आईची काळजी, घरातल्या अडचणी तिच्या तोंडून बोलून घेऊ नका. ते ओझं तिचं नाही. मोठा माणूस शोधा, फोनवर का होईना.

शेवटी निरोप घेण्याबद्दल. मूल खेळात रमलं की आईने हळूच सटकावं, असं आपण सुचवतो. ज्या मुलाच्या आयुष्यातून आजी, घर, गल्ली एका रात्रीत नाहीशी झाली, त्याच्या बाबतीत हे अजिबात करू नये. माझ्या वर्गात ही आई पहिले दोन दिवस भिंतीशी बसून होती. मग ती दाराबाहेरच्या बाकावर बसू लागली आणि मग एके दिवशी निघाली, त्याला सांगून. तो खूप रडला. ती दारातून वळली आणि एक शब्द बोलली. दुपारी मी तिला त्याचा अर्थ विचारला, तेव्हा तिने बोटांनी जाऊन परत आल्याची खूण केली.

कपाटाच्या आतल्या कार्डावर तो सहावा शब्द आहे. त्याच्यापुढे मी लिहिलंय: येते.

नमस्कार.