माळ्यावरचा केंड मासा

[दृश्य: रात्र. बैठकीची खोली. काळा पडदा असलेला टीव्ही. भिंतीवर पांढरा राऊटर, हिरवे दिवे लुकलुकताहेत.]

रात्रीचे दोन. घर झोपलंय. टीव्ही बंद आहे, म्हणजे पडदा काळा आहे. पण या मिनिटाला तो बाहेर कुणाशी तरी बोलतोय. मला हे कळतंय, कारण तो कुणाकुणाची नावं विचारतोय त्याची यादी माझ्यासमोर ओळीओळीने उमटतेय.

भिंतीवरच्या पांढऱ्या डब्याचा या यादीशी संबंध नाही. फायबरची जोडणी द्यायला आलेल्या मुलाने तो दोन स्क्रू मारून लावला, पासवर्ड टाकून दिला आणि शेजारच्या बिल्डिंगमध्ये गेला. डब्याच्या आत काय चालतं, हे त्यालाही ठाऊक नव्हतं आणि मलाही नाही. यादी येतेय ती माळ्यावरून, मी स्वतः लावलेल्या राऊटरमधून.

[दृश्य: माळा. जुन्या सुटकेस, गणपतीच्या मखराचं सामान, त्यांच्यामध्ये ॲल्युमिनियमचा चपटा डबा.]

साधारण सहा इंची चौरस. पंखा नाही, त्यामुळे आवाजही नाही. आतल्या प्रोसेसरची उष्णता थेट पत्र्यातून बाहेर पडते. मे महिन्यात वर हात ठेवला तर नुकत्या उतरवलेल्या पोळीसारखा लागतो. झुरिकजवळच्या ग्लाटब्रुगमधली पीसी इंजिन्स नावाची छोटी स्विस कंपनी हे बोर्ड बनवायची. मॉडेल एपीयू-२, १ गिगाहर्ट्झचा चार कोअरचा एएमडी प्रोसेसर, नेटवर्कचे तीन पोर्ट. हे बोर्ड आता बंद होणार, असं कंपनीने २०२३ मध्ये जाहीर केलं. माझ्याकडे आहे तो आधी कुणीतरी वापरलेला.

डब्यावर एक स्टिकर आहे: काटे उभारलेला, फुगलेला पिवळा मासा. आपल्या कोकणात याला केंड म्हणतात. मच्छीमारांचं याच्याशी जमत नाही, कारण हा जाळी कुरतडतो. इथे त्याच्याकडे जाळ्याची राखण आहे. स्टिकरवरच्या माशाचं नाव पफी. हा डबा ज्या ऑपरेटिंग सिस्टीमवर चालतो त्या ओपनबीएसडीचं ते बोधचिन्ह.

[दृश्य: हाऊसिंग सोसायटीचं गेट. वॉचमनच्या टेबलावर वही.]

आधी राऊटर करतो काय ते बघू. बाहेरच्या जगाला सोसायटीचा पत्ता ठाऊक आहे, फ्लॅटचा नंबर नाही. समजा, आतून कुणी वाण्याकडे निघालं. वॉचमन वहीत टिपतो, कुठला फ्लॅट, कुठलं दुकान. दुकानातून सामान आलं की वही बघतो आणि बरोबर त्या फ्लॅटला पाठवतो. वहीत नोंद नसलेला कुणी पिशवी घेऊन उभा राहिला, तर तो गेटवरच थांबतो. नेटवर्कवाले या वहीला स्टेट टेबल म्हणतात आणि पत्ते अदलाबदल करण्याच्या कामाला नॅट. एवढं कुठलाही घरगुती राऊटर करतो. मला छळत होता तो वेगळा प्रश्न. या वॉचमनला सूचना कुणी दिल्यात, आणि त्या मला वाचता का येत नाहीत?

मे २०१८ मध्ये अमेरिकेच्या एफबीआयने लोकांना आवाहन केलं होतं, राऊटर बंद करून पुन्हा चालू करा. आपला केबलवाला देतो तोच सल्ला! फक्त इथे कारण भलतं होतं. व्हीपीएनफिल्टर नावाचा घातक प्रोग्रॅम किमान ५४ देशांतल्या किमान ५ लाख उपकरणांत शिरून बसला होता, त्यातले बरेचसे घरचे आणि छोट्या ऑफिसांतले राऊटर. त्या घरांतही हिरवे दिवे असेच लुकलुकत असणार.

[दृश्य: नकाशा. कॅनडा. कॅल्गरी.]

ओपनबीएसडीची सुरुवात भांडणातून झाली. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कलीत १९७० च्या दशकात युनिक्स या जुन्या ऑपरेटिंग सिस्टीमला एक फांदी फुटली, ती बीएसडी. तिच्यातून १९९३ मध्ये नेटबीएसडी उभी राहिली. ती उभारणाऱ्यांपैकी एक थिओ डी राट, जन्माने दक्षिण आफ्रिकेचे, राहणार कॅल्गरी. डिसेंबर १९९४ मध्ये सहकाऱ्यांनी त्यांना बाहेर काढलं. तक्रार त्यांच्या बोलण्या-वागण्याबद्दल होती, आणि त्यांची जीभ आजही काही फार मवाळ झालेली नाही. ऑक्टोबर १९९५ मध्ये त्यांनी त्याच कोडवर वेगळी चूल मांडली.

नावातल्या 'ओपन'चा अर्थ ऐकायला साधा आहे. कोडचं भांडार, त्यातल्या प्रत्येक बदलाच्या नोंदीसकट, कुणालाही बाहेरून वाचता येईल. आज यात काही विशेष वाटत नाही. त्या काळी मात्र तयार कोड सगळ्यांना मिळायचं आणि आतली वही फक्त आतल्यांना.

या मंडळींचा बराचसा पसारा वर्षानुवर्षं थिओंच्या घराच्या तळघरात होता. अडगळीत जावीत अशी जुनी यंत्रं तिथे मुद्दाम चालती ठेवलेली. एका जातीच्या प्रोसेसरवर लपून राहणारी चूक दुसऱ्या जातीच्या प्रोसेसरवर उघडी पडते, म्हणून. जानेवारी २०१४ मध्ये प्रकल्पाने मदतीची हाक दिली ती विजेच्या बिलासाठी, वर्षाला सुमारे २०,००० डॉलर. माझा माळ्यावरचा डबा दहा वॉटच्या आसपास खातो, महिन्याला सात-साडेसात युनिट. त्यावरूनही बाबा विचारतातच.

दुसरं भांडण आपल्या डब्याच्या थेट कामाचं. २००१ पर्यंत ओपनबीएसडीत पहाऱ्याचं काम आयपीफिल्टर करायचं. ते लिहिणारे डॅरन रीड यांनी परवान्याचा खुलासा केला, की त्यांच्या संमतीशिवाय बदललेली आवृत्ती कुणी काढायची नाही. ओपनबीएसडीवाल्यांनी मे संपता संपता ते अख्खं सॉफ्टवेअर उपटून टाकलं. हाताशी दुसरं काहीही नव्हतं! सुरक्षेचं नाव मिरवणारी सिस्टीम आणि तिच्याच गेटवर वॉचमन नाही. जून अखेरीस स्वित्झर्लंडच्या डॅनियल हार्टमायर यांनी लिहिलेला नवा पॅकेट फिल्टर, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्या माहितीची गाठोडी तपासणारा पहारेकरी, भांडारात आला. तोच पीएफ. १ डिसेंबर २००१ रोजी आलेल्या ३.० आवृत्तीत तो लोकांच्या हाती पडला. पुढे तो बीएसडीच्याच दुसऱ्या एका फांदीत, फ्रीबीएसडीत गेला आणि २०११ पासून ॲपलच्या मॅकमध्येही आहे. तुमच्या मांडीवर मॅकबुक असेल तर पीएफ त्यात आत्ता बहुधा झोपलेला आहे.

[दृश्य: लॅपटॉपच्या काळ्या खिडकीत नियमांची फाईल. बोट एकेका ओळीवरून सरकतं.]

माझ्या घराच्या नियमांची फाईल वीसेक ओळींची आहे. पहिली कामाची ओळ, 'ब्लॉक'. सगळं बंद. मग पुढची एकेक ओळ सांगत जाते, काय सोडायचं. पीएफ त्या वरून खाली वाचतो आणि लागू पडणाऱ्यांपैकी शेवटच्या ओळीचा शब्द खरा धरतो. घरात वाद झाला की आजी सगळ्यांचं ऐकून घेते आणि मग बोलते, तसं. मधेच निकाल लावायचा असेल तर ओळीत 'क्विक' लिहायचं. त्यानंतर कुणाचं ऐकलं जात नाही. फाईलमधला 'इग्रेस' हा शब्द म्हणजे बाहेरच्या जगाची वाट ज्या बाजूने जाते ती बाजू. उद्या केबल दुसऱ्या पोर्टात गेली तरी हा शब्द वाटेच्या मागे मागे जातो, नियम बदलावा लागत नाही.

दहावीच्या इंग्रजीवर ही फाईल वाचता येते. मी हिच्या प्रेमात पडलो ते इथेच.

[दृश्य: सीरियल केबल. जमिनीवर मांडी घालून बसलेला निवेदक.]

संसार मात्र सोपा नव्हता. या डब्याला स्क्रीन जोडायला जागाच नाही. सीरियल केबल लावून लॅपटॉपवर अक्षरं वाचायची. चालू होताना तो पाच सेकंद थांबतो. तेवढ्यात त्याला सांगावं लागतं, की बाबा रे, जे बोलायचं ते या तारेवर बोल, ११५२०० च्या वेगाने. विसरलात तर तो नीट चालू होतो, सगळे प्रश्नही नीट विचारतो, पण नसलेल्या स्क्रीनवर. दोन संध्याकाळी मी विकणाऱ्याच्या नावाने बोटं मोडली. मग त्या पाच सेकंदांचा शोध लागला.

पुढचा अडथळा, भिंतीवरच्या डब्याला ब्रिज मोडवर टाकणं, म्हणजे त्याने फक्त फायबरमधला प्रकाश तारेवर आणून द्यायचा, बाकी डोकं चालवायचं नाही. त्यासाठी केबलवाल्याला सांगावं लागलं.

"सर, ब्रिज कशाला? आमच्या राऊटरला काय झालंय?"

"झालं काही नाही रे. मला माझा लावायचाय."

"मग नंतर कम्प्लेंट आली तर आम्ही बघणार नाही हां."

या अटीवर काम झालं. डब्याने पीपीपीओई-वरून, म्हणजे केबलवाल्याकडे नाव-पासवर्ड देऊन आत शिरायच्या पद्धतीने, लॉग-इन केलं, नेट आलं, मी पेढे आणायच्या बेतात होतो. तेवढ्यात आतून आई.

"अरे, बाकी सगळं उघडतंय, पण बँकेचंच ॲप गोल गोल फिरतंय."

एका पॅकेटची नेहमीची कमाल मर्यादा १५०० बाइटची. पीपीपीओई स्वतःच्या चिठ्ठीसाठी त्यातले ८ बाइट घेतं, उरतात १४९२. समोरचा १५०० चं गाठोडं पाठवतो, ते दारात अडकतं, आणि 'जरा लहान पाठव' हा उलटा निरोप वाटेत कुठेतरी हरवतो. म्हणून काही साइट पळतात, काही नुसत्या फिरत राहतात. उपाय एका ओळीचा: जोडणी होतानाच समोरच्याला सांगून ठेवायचं, गाठोडी लहान बांध.

ती ओळ मला कुठे सापडली ते सांगतो. राऊटर बिघडला की नेट बंद, आणि नेट बंद असलं की राऊटर का बिघडला हे शोधायचं कुठे? मोबाईलचा डेटा असतो, मान्य. पण माळ्याखाली स्टुलावर उभं राहून, एका हातात टॉर्च धरून दुसऱ्या हाताने मोबाईलवर शोधून बघा. ओपनबीएसडीची माहितीपुस्तिका डब्यातच असते, प्रत्येक कमांडची, प्रत्येक फाईलची, नेमक्या त्याच आवृत्तीची. पुस्तिकेतली चूक ही मंडळी कोडमधल्या चुकीसारखीच धरतात. पीपीपीओईच्या पानावर ती ओळ उदाहरणासकट होती.

आता या ओपनबीएसडी बाईसाहेबांचे दोष. वाय-फायमध्ये ही मागे आहे, म्हणून भिंतीवरच्या पांढऱ्या डब्याला मी वाय-फाय सोडण्याच्या कामावर ठेवलाय. साहेबाचा शिपाई झाला बिचारा. वेगाचं म्हणाल तर या जुन्या बोर्डावर ती गिगाबिटची पूर्ण लाईन भरत नाही. माझी १०० मेगाबिटची आहे, मला फरक पडत नाही. तुमची तशी नसेल तर हा विचारच सोडा. 'एवढ्या वर्षांत बाहेरून शिरता येईल अशी दोनच भगदाडं' हा त्यांचा दावा, २००२ आणि २००७ ची, खरा आहे. पण तो आहे मूळ मांडणीपुरता, म्हणजे नुकत्याच बसवलेल्या, काही न बदललेल्या सिस्टीमपुरता, आणि मूळ मांडणीत मुळातच फार थोडं चालू असतं. पुढची दारं मी उघडतो, त्यांचा हिशेब माझ्या नावावर.

शिवाय दर सहा महिन्यांनी नवी आवृत्ती येते, एक उन्हाळ्याच्या सुट्टीत, दुसरी दसरा-दिवाळीच्या आगेमागे. जुनीला साधारण वर्षभर डागडुजी मिळते, मग नाही. 'सिसअपग्रेड' ही एक कमांड दिली की काम होतं, पण ती द्यायची आठवण ठेवावी लागते. आमच्याकडे माळा साफ करताना ती आपोआप होते.

[दृश्य: पुन्हा रात्र. यादीच्या ओळी सरकताहेत.]

तर ही रात्रीची यादी. घरातली उपकरणं साइटच्या नावावरून तिचा पत्ता विचारतात तो आता माझ्याच डब्यातल्या अनबाऊंड नावाच्या प्रोग्रॅमला. पहिल्या आठवड्यात मी वेड्यासारखा वाचत बसलो. फोन बडबडे असणार हे ठाऊक होतं. टीव्ही एवढा बोलका निघेल असं वाटलं नव्हतं. त्याने विचारलेली चार अनोळखी नावं मी अडवली. दुसऱ्या दिवशी साडेसातला बाबांची मालिका सुरूच होईना. चारही नावं सोडून दिली. टीव्ही बोलतोय. फक्त आता मला ते माहीत आहे.

[दृश्य: पावसाळी संध्याकाळ. बिल्डिंगमधले दिवे एकदम जातात.]

सगळ्यात मोठं भय विजेचं. या सिस्टीमची फाईल ठेवण्याची पद्धत जुन्या वळणाची आहे. अचानक वीज गेली की पुढच्या वेळी ती डिस्क तपासत बसते, आणि एखादी गोष्ट स्वतःला उलगडली नाही तर थांबून माणसाला विचारते. एका जुलैत ती तशी माळ्यावर प्रश्न विचारत उभी होती आणि खाली आम्ही केबलवाल्याला फोन करत होतो. त्यानंतर मी राऊटरला लावतात तो बारा व्होल्टचा छोटा यूपीएस आणला.

म्हणून आज अंधार झाला तरी माळ्यावर तीन हिरवे दिवे आहेत. मोबाईलमधल्या यादीतून शेजाऱ्यांची वाय-फाय नावं एकेक करून गेली, आमचं राहिलं. वीसेक मिनिटं. मग तीन इमारतींपलीकडच्या केबलवाल्याच्या पेटीतली बॅटरी संपली.

लॉगमध्ये, म्हणजे डब्याच्या नोंदवहीत, आता एकच गोष्ट पुन्हा पुन्हा येतेय. डबा फायबरवर हाक मारतोय: पलीकडे कुणी आहे का? थोडा थांबतो, पुन्हा विचारतो.

"आलं का रे नेट?" आई अंधारातून विचारते.

"नाही गं. विचारतोय तो."